सुनंदाने डॉक्टरांना सांगितलेलं

गुरुवार, संध्याकाळ. तळेगाव.

वर्षभर माझ्या स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज येतेय आणि साध्या एमआरआयमध्ये कारण दिसत नव्हतं. आज हार्मोनचं इंजेक्शन देऊन फोटो काढले. त्याने रस सुटतो, स्वादुपिंडाची नळी फुगते आणि नीट दिसते म्हणे. माझ्या नळीचे दोन भाग जन्मापासूनच जुळलेले नाहीत.

"म्हणजे दारूचा संबंध नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दारू? मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही! त्यांनी फाइल पुढे केली. पहिल्याच पानावर होतं: 'चोरून पितात. पत्नीची माहिती.'

पत्नीची माहिती. सुनंदाची. बावीस वर्षांच्या संसारानंतर.

परतताना रिक्षात सुनंदा शेजारीच होती. सोमाटणं आलं. मग विचारलंच.

"माझे वडील माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचे आणि पिऊन यायचे," ती म्हणाली. "तुमचं तरी खरं कसं मानू?"

म्हणजे मी कळवळत असताना ती पाठ चोळायला वाकायची, ते तोंडाचा वास घ्यायला? प्रत्येक वेळी?

आत्ता ती जेवायला हाक मारतेय. आवाज रडवेला आहे. तरी मला उठवत नाही.