तीन लांब, दोन आखूड

डुलुथ, १० नोव्हेंबर १९०८

ती. हाल्वरदादास,
रग्नाचा सा. न. वि. वि.

सुपीरियर सरोवर तीन दिवस नुसतं उकळतंय. एइनारचं जहाज शनिवारी लोखंडाची माती भरून गेलं. अजून तार नाही. तुझ्या दीपगृहापुढून जाताना तो तीन लांब, दोन आखूड भोंगे देतोच. कप्तान त्याला चिडवतो, की मेव्हण्याला एवढं कोण भितं! ऐकलास का रे तो भोंगा? सासूबाई म्हणतात, रडू नकोस, विणत बस. एक मोजा दुसऱ्याच्या दीडपट झालाय.

माया आहेच, यंदा उत्तरही लवकर धाड.
तुझी रग्ना

दीपगृह, १२ नोव्हेंबर

चि. रग्ना हिस अ. उ. आ.

ऐकला. सोमवारी दुपारी. जहाजांना खडक कळावा म्हणून वाजणाऱ्या घंटेचं यंत्र गोठलं होतं, सकाळपासून हातानं वाजवत होतो. या बर्फात बाहेर कोण असणार, म्हणून थांबलो, चूक केली. तेवढ्यात तुझ्या नवऱ्याचा भोंगा, अगदी जवळून. मग तळहात सोलवटेपर्यंत घंटा वाजवली. तासाभरानं कुठल्याशा बुडालेल्या जहाजाची होडी खडकाला लागली. पाच जण चुलीपाशी निजलेत, तापानं बोलत नाहीत. एइनार मात्र सुखरूप पुढे गेला. मोजे उसव.

देव पाठीशी आहे.
हाल्वर

डुलुथ, १५ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

एइनार घरी आला! पण दादा, तो तुझ्याकडे पोचलाच नव्हता. रविवारपासून बेटाआड नांगर टाकून होते, तिथूनच परतले. भोंगा दिलाच नाही, म्हणतो. दादाचे कान म्हातारे झाले, असं हसतो. येत्या शनिवारी यंदाची शेवटची खेप करणार आहे, ऐकत नाही. तूच दोन शब्द लिही.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारी,
रग्ना

दीपगृह, १७ नोव्हेंबर

चि. रग्ना हिस अ. उ. आ.

तो सुखरूप आहे, देवाची कृपा. ते पाच जण आता बोलू लागले. त्या सोमवारी सकाळीच त्यांच्या बॉयलरमध्ये पाणी शिरलं होतं, त्यामुळे भोंगा त्यांचाही नव्हे. पण त्यांनीही ऐकला. तीन लांब, दोन आखूड, होडीच्या पुढून. त्यामागे वल्ही मारत आले, मग घंटा ऐकू आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, पुढचं जहाज कुणाचं होतं? मी त्याच्या ताटात आणखी मासा वाढला.

आज वारा नाही, पाणी आरशासारखं. आत्ता पुन्हा तोच भोंगा झाला. दूरवर एकही जहाज नाही. मी टोपी काढली, घंटा वाजवली, घोंगड्या घेऊन काठावर आलो. इथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय. अजून कुणी आलेलं नाही.

हा भोंगा एइनारसाठी तर नसेल? त्याला या खेपेला जाऊ देऊ नकोस. नाहीच ऐकलं, तर सांग, घंटा थांबणार नाही.

तुम्हा दोघांना जपणारा,
हाल्वर