निळ्या मशीनची सुलट बाजू

देवपूर, धुळे

तीर्थरूप अक्कास,

सुनंदाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण भाव आडवं पडल्याचाच समजावा.) तुझं बीपी कसं आहे? पाचोऱ्याला थंडी पडली का? भाऊजींचा खोकला ओव्याच्या धुरीने गेला की डॉक्टरने घालवला, तेही कळव, म्हणजे इथे वाद मिटेल. घरात दोन दोन फोन असताना ही बया पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे. पण आधी माझा विजय ऐक, तो सांगितल्याशिवाय मला जेवण पचायचं नाही.

दिवाळीच्या आधी मी खाजाभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक व्हॅक्यूम क्लीनर आणला. (गेले होते शिवणक्लासातल्या पोरींसाठी जुनी कात्री बघायला. कात्री राहिली.) खाजाभाईंना स्वतःलाच ती वस्तू काय आहे ते ठाऊक नव्हतं. "मॅडम, हवाई जहाज का पार्ट है, पक्का," म्हणाले. मी मात्र बघताक्षणी जागच्या जागी उभी राहिले. अक्का, काय रूप ते! अंगाने दुधी भोपळ्यासारखं लांबट, दोन्ही तोंडं निमुळती. रंग निळा, पण हल्लीच्या बादल्यांचा नव्हे, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या इरकलीचा निळा. पाठीवरून सरळ तीन रेघा, कुणी पिनटक्सच्या बारीक चुण्या घातल्यासारख्या एकसारख्या अंतरावर. खाली चाकं नाहीत, दोन चकचकीत पट्ट्या आहेत, ओढलं की अलगद घसरत मागे येतं. पाइपवर काळ्या-पांढऱ्या सुताचं विणकाम, एक धागा सुटलेला नाही. आणि झाकण उघडलं तर आत धूळ साठवायची कापडी पिशवी, तिला दुहेरी शिलाई आणि वर काठाला गोट! धुळीच्या पिशवीला गोट, अक्का! जी जन्मात कुणाच्या नजरेला पडणार नाही तिला! आपल्याकडे नवरीच्या ब्लाउजला आतून दोरे लोंबतात. मी दुकानातच डोळे पुसले. (खाजाभाईंना वाटलं, किंमत जास्त सांगितली. त्यांनी लगेच कमी केली.)

घरी मात्र स्वागत झालं ते काही विचारू नकोस. आमचे हे एस.टी.त कंट्रोलर होते, त्यामुळे ते बोलत नाहीत, सूचना देतात. पहिली सूचना अशी आली की हे डबडं विजेला लावायचं नाही, मीटर उडेल. सूनबाई पुनमकडे तर आधीच एक आधुनिक यंत्र आहे. काळी, चपटी थाळी, आपली आपण घरभर केर काढत फिरते आणि दिवाणाखाली अडकली की बारीक आवाजात रडते. तिला ना चेहरा ना मोहरा. पुनम गुणी आहे, पण कौतुक त्या थाळीचं. माझं मशीन बैठकीत तसंच बसून राहिलं. वायंडिंगवाल्या फैसलकडून मी त्याची मोटर भरून आणली, तरी बंदी उठली नाही. धूळ काढायच्या मशीनवरची धूळ मी रोज फडक्याने पुसायची, आणि ते बघून हे आल्यागेल्याला बोलावून हसायचे. शेवटी एक दिवस जेवताना जाहीर केलं, की ह्या वस्तूने एक तरी काम करून दाखवावं, नाहीतर सोमवारी ती भंगारात जाईल. चोवीस तास घरात राहून मी इतक्या वर्षांत स्वतःच्या आवडीने आणलेली ही एकच वस्तू. बाकी सगळं घर ह्यांच्या पसंतीचं, मी धरून.

आता रविवारचं ऐक. तोतारामभाऊंच्या शेतावर वांग्याच्या भरताची पार्टी होती. एस.टी.तले ह्यांचे सगळे जुने सोबती बायकापोरांसह आलेले. म्हटलं, घरात बंदी आहे, शेतात तर नाही! बसायला तिथे ज्या सतरंज्या असतात, त्या मशीनने सगळ्यांदेखत झाडून दाखवायच्या आणि निकाल लावायचा. मशीनला मी रेक्झिनचं कव्हर शिवलं होतं, ते घालून मांडीवर घेऊन गेले. (हे पुढे बसले आणि रस्ताभर मागे वळून बघितलं नाही.)

तिथे वेगळाच गोंधळ. दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडून गेलेला. वांग्यांवर रचलेल्या कपाशीच्या काड्या ओल्या. पेटवल्या की नुसता धूर. माणसं डोळे चोळतायत, वांगी आपली हिरवीगार, भरीत ठेचायचं लाकडी भांडं, ती बडगी, पोटात काही पडेल म्हणून वाट बघतेय, पुऱ्या थंड पडतायत. तोतारामभाऊ पुठ्ठ्याने वारा घालून घालून घामाघूम झाले. अशा वेळी हे सगळ्यांना सांगतात, की तोवर आमच्या मंडळींचा झाडझुडीचा कार्यक्रम बघून घ्या. लोक हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

विहिरीजवळच्या खोलीतून वायर ओढली. आता मशीनला दोन तोंडं, दोन्हीकडे पाइप बसतो. सुलट बाजू कुठली? तीस वर्षं मी पोरींना कापडाची सुलट-उलट शिकवतेय, मला कोण शिकवणार! एका तोंडावर साधी जाळी होती. दुसऱ्यावर पितळी फूल, भोवती किरणांसारख्या चिरा, अगदी मन लावून घडवलेलं. म्हटलं, नक्षी असते ती सुलट. फुलाच्या बाजूला पाइप खोचला, सतरंजीवर धरला आणि पायाने बटण दाबलं.

अक्का, ज्याने ते मशीन घडवलं त्याने सगळी नक्षी उलट बाजूला केली होती! त्या तोंडातून वारा आत जात नाही, बाहेर येतो. पाइपात किती वर्षांची धूळ बसली होती देव जाणे. (पिशवी मी धुतली होती, पाइप धुवायचा राहिला.) ती सगळी एका दमात निघाली आणि थेट ह्यांच्या पांढऱ्या सफारीवर. हे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे उभे. हसण्याचा एकच गलका झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गडबडीने पाइप दुसरीकडे वळवला, तर तो नेमका धुमसत्या काड्यांकडे. आणि भक्कन जाळ! पुरुषभर उंच! हसणारे मागे सरकले. मी सरकले नाही. मला एका क्षणात कळलं की आपली चूक झालेली नाही, आपला मुहूर्त लागलाय. पदर खोचला आणि पाइप घेऊन ढिगाच्या भोवती फिरत राहिले. निळं मशीन मागून लेकरासारखं घसरत येत होतं. जाळ विझला तेव्हा वांग्यांची सालं करकरीत काळी, आत लोण्यासारखा गर. तोतारामभाऊ वांगं हातात धरून ओरडले, "बहिनी, बठ्ठा वांगा भुंजाई ग्यात! हाई मशीन नई, वारानी माय शे!" म्हणजे सगळी वांगी भाजून निघाली, आणि माझं मशीन वाऱ्याची आई ठरलं!

टाळ्या पडल्या, अक्का. मला! पंगतीत मला पहिलं पान वाढलं. ज्या बायका मघाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्या मशीनवरून हात फिरवत होत्या, आणि मी त्यांना पिशवीचा गोट उघडून दाखवला. ह्यांनी तिसऱ्यांदा भरीत घेतलं आणि धुळीने माखलेल्या तोंडाने कबूल केलं, की वस्तू घरात राहील. सोमवारी टीव्ही बाजूला सरकला. मशीन बैठकीच्या मधोमध बसलं.

घरातल्या मोठ्यांना वाकून, लहानांना गालगुच्चा घेऊन, आणि मधल्यांना नुसता हात हलवून नमस्कार सांगावा.

तुझीच,
सुनंदा

ता. क. खरं काम आता सांगते. विजय मिळाला, पण मशीन गेलं. ह्यांनीच ते बळकावलंय. कुणाकडेही भरीत असलं की हे मशीन घेऊन हजर. मला बरोबर नेत नाहीत, वर लोकांना "आमचं मशीन" म्हणतात. निळ्यावर काजळी बसायला लागली, पाइपला तेलकट हात लागतायत. फोनवर बोलावं तर कान इथेच. म्हणून विनंती, की तू मोठी आहेस, तुझ्यापुढे ह्यांचं काही चालत नाही. काहीही निमित्त काढून भरताचा हंगाम संपेपर्यंत मशीन तुझ्याकडे मागवून घे.

ता. क. २. पुनमच्या थाळीची शप्पथ, ह्यांना हे कळू देऊ नकोस.

ती. अक्कांना 'ह्यां'चा, म्हणजे प्रेमराजचा, नमस्कार. पत्र शिलाई मशीनवर उघडंच सापडलं. काजळी मी खोबरेल लावून रोज पुसतो, त्याची काळजी नसावी. आपला मान मोठा, पण मशीन पाठवता येणार नाही. हवं तर सुनंदाला पाठवतो.