घरावरची पाटी

बाबा,

परदेशातून डॉक्टरी शिकून आलो, पण इथली परवान्याची परीक्षा द्यायच्या आधीच तुमी बार्शीटाकळीच्या घरावर ‘डॉ. कुलदीप’ अशी पाटी ठोकली. मी अभ्यासाले बसलो का लोक बीपी मोजाले दारात. नाही म्हटलं का तुमीच म्हणत, “भाव खाऊन राहिला.” मी नापास झालो, तरी दिवाळीले तुमी ती पाटी पुसून चकाचक केली.

आता अकोल्यात खोली करून वर्षभर एकेक विषय धरला. रोज जुने प्रश्न सोडवतो, रविवारी मागचं सगळं पुन्हा वाचतो. जमून राहिलं, कारण यंदा परीक्षेले बसतो हे तुमाले सांगतलंच नाही. हे पत्र पाठवलं तं तुमी उद्याच पेढे वाटाल.

पास झालो तं पयले पाटी काढीन, मंग तुमाले सांगीन.

तुमचा बिनपाटीचा,
कुलदीप