मणके मोजल्याबिगर पणतू उचलायचा न्हाई

३ डिसें., बुध.
सगळ्यात आधी शेजारची सुशीलाबाई. रिक्षा थांबायच्या आधीच हिची मान बाहेर. "पोरगं बापावर गेलंय," म्हणली. अजून टोपडं बी काढलं न्हवतं त्याचं.
नात रोहिणी आली हिमायतनगराहून, पहिल्यांदाच लेकरू घेऊन. माझा पणतू. हात पुढं केले तर म्हणती, "आजी, उचलायचं न्हाई. घागर उचलताना कंबर धरली न तुझी? आधी मणक्याचा फोटो."
घेतले हात मागं. नाक माझंच हाय पण.

४ डिसें., गुरु.
फोटो झाला. आता मणके कम्प्युटरच मोजतो म्हणं. एकेकाच्या कोपऱ्याला ठिपके देतो, उंची काढतो, कोणता चेपलाय ते सांगतो. शिंप्यावानी, टेपाबिगर.
एक्स-रेवाली पोरगी गोड. "आजी, गळ्यातलं सगळं काढा." बोरमाळ काढली. मंगळसूत्र कसं काढू? आमचे हे बाहेर बाकड्यावर बसलेले, जितेजागते. गाऊनात पाठीकडं दडवलं. कुशीवर निजवलं तवा सरकलं असंल.
कम्प्युटर म्हणला, एक मणका पार चेपला. रोहिणी रडायलाच लागली. डॉ.नी फोटो नीट बघितला. "आजी, ह्या दोन वाट्या कशाच्या?" मशीन वाट्यांलाच मणक्याची कड समजलं.
लई लाजले.

५ डिसें., शुक्र.
परत फोटो. हे म्हणले, "काढ की. मी बसलोय न हितं." तरी हात होईना. मग यांनीच काठी टेकत समोरच्या दुकानातून हळकुंड न् पिवळा दोरा आणला. मंगळसूत्र तुटल्यावर बांधतेत तसं. पोरगी हसली. "चालतंय, मशीनला हळकुंडाचं काही न्हाई."
यांच्या बोटांला गाठ बसेना. लग्नात मान वर करून बघितलं न्हाई माणसानं, आज चष्मा लावून गळ्याशी. लाइनीतल्या बाया बघून राहिल्या. बघू दे.
तो मणका चांगला निघाला. खालचा एक जरा बसलाय. जुनं का नवं, कोण जाणे. डॉ.नी हाडाच्या ताकदीची तपासणी करून घेतली. उचलायचं का न्हाई ते सोमवारी सांगणार. तवर बसून मांडीवर.

६ डिसें., शनि.
मांडीवर घेतलं. दूध प्यालेलं, ऊन ऊन. माझं बोट धरून झोपलं. पायाला मुंग्या आल्या, बोलले न्हाई. रोहिणीनं काढून घेतलं असतं.
चारच्या एसटीनं रोहिणी जळकोटला गेली, नणंदेकडं. "डॉ. काय म्हणतेत ते ऐकल्याबिगर हात पुढं करायचे न्हाईत, आजी." हाव म्हणलं.
सोमवारी परत येते म्हणली. सकाळी डॉ., दुपारी पणतू.