मोठी करून आणलेली जोडवी

आई, तुझी जोडवी मला एरवी कधीच बसली नाहीत. बाबांनी गुजरीतल्या सोनाराकडून आणली तेव्हाच्या गुलाबी कागदातच ती आजवर माझ्या कपाटात होती. लग्नात आत्याने हौसेने माझ्या पायात घालून पाहिली, तर चार पावलांत एक निसटून कॉटखाली गेलं. "तुझा पाय लईच बारीक, आईवर गेली न्हाईस बघ," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. पण तुझा पायही बारीकच होता, हे तिलाही चांगलं माहीत होतं. माझ्या आठवणीत तर तुझा पाय दिसण्याआधी ऐकू येतो. बावड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत शहाबादी फरशी होती. तू स्वयंपाकघरात वावरलीस की जोडवी त्या फरशीवर टकटक वाजायची. पाठ करून बसले तरी मला कळायचं, आता तू ओट्याशी आहेस, आता कोपऱ्यातल्या पिंपाशी, आता माझ्याकडे येते आहेस. मी चिंचा खात बसलेली असायचे. आवाज जवळ आला की चिंचा फ्रॉकच्या खिशात आणि पुस्तक मांडीवर, एवढी अक्कल मला होती.

मग तो आवाज बंद झाला. मी दुसरीत होते, तुला सातवा महिना सरला होता. तुझी बोटं एवढी सुजली की जोडवी मांसात रुतून बसली, चांदी फरशीला टेकेनाच. तू मागे येऊन उभी राहायचीस आणि मला पत्ता नसायचा. चिंचा खाताना पकडली गेले ती त्याच दिवसांत. एकदा तर मी किंचाळलेच. तू हसलीस, "भूत बघितल्यागत काय करतीस? मीच हाय की." गल्लीतल्या बायका येऊन म्हणायच्या, अंग छान भरलंय, चेहऱ्यावर तेज आलंय. दुपारी तू भिंतीला टेकून पाय पसरून शेंगा फोडायला बसायचीस, आणि मी तुझ्या नडगीवर बोट दाबून बघायचे. खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. एकदा मी ओळीने खड्डे पाडले आणि त्यांत चिंचोके ठेवायला लागले. तू एकदम ओरडलीस, "खेळायला माझा पायच घावला व्हय गं तुला? ऊठ, जा भाईर!" तू फारशी रागवायची नाहीस, म्हणून ते ओरडणं अजून कानात आहे. दाराशी जाऊन मी वळून पाहिलं, तर तू त्या खड्ड्यांकडेच बघत बसली होतीस. ते अजून भरले नव्हते.

तुझी बोटं निळसर पडायला लागली तेव्हा बाबा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी गुजरीत गेले आणि मोठ्या मापाची जोडवी करून घेऊन आले. आत्याने तेल लावून, दोरा गुंडाळून जुनी काढली आणि पाय घटकाभरही मोकळा न ठेवता नवी चढवली. बोट जाड झालं म्हणून जोडवी मोठी केली! बोट का जाड झालं, हे सोनाराने विचारलं नाही, बाबांनी नाही, आत्याने नाही. काहीतरी केलं, याचंच सगळ्यांना समाधान. बाबांना मी दोष देत नाही. तुला काहीतरी द्यावं असं त्यांना फार क्वचित सुचायचं, आणि ही भेट त्यांनी मनापासून आणली होती. थोडे दिवस घरात पुन्हा टकटक सुरू झाली, पहिल्यापेक्षा जड. मग तीही थांबली. त्या सकाळी तू ओट्याशी कपाळ दाबून उभी होतीस. मला म्हणालीस, "बघ गं, गॅस बंद हाय न्हवं? माझ्या डोळ्याम्होरं ठिणग्या उडायल्यात." गॅस बंदच होता. दवाखान्यात नर्स म्हणाली, बोटं काळी पडतायत, ही जोडवी कापून काढा. आत्या आडवी आली, "सवाशिणीची जोडवी कापत न्हाईत." नर्सला वाद घालायला वेळ नव्हता, कारण तुला झटके सुरू झाले होते. तू गेलीस, पोटातलं बाळही गेलं. तुला न्यायच्या आधी आत्यानेच साबण लावून ती जोडवी काढली. आत्या अजून सांगते की तेव्हा ती अलगद निघाली.

माझ्या पहिल्या वेळी, सातव्या महिन्यात, कपाट आवरताना मी ती सहज पायात घातली. ती बसली. घट्ट नाहीत, सैल नाहीत, माझ्याच मापाने केल्यासारखी. मी खोलीभर चालून पाहिलं, आवाज आला नाही. ती ओढून काढली आणि तशीच रिक्षा करून शाहूपुरीतल्या डॉक्टरबाईंकडे गेले. रक्तदाब नको तेवढा वाढलेला, लघवीतून प्रथिनं जात होती. प्रीएक्लाम्पसिया, वेळेत धरलं नाही तर झटके येतात, त्या म्हणाल्या, आणि मला घरी जाऊच दिलं नाही. तुझी नात मूठभर जन्मली. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता चार वर्षांची आहे आणि माझं एक ऐकत नाही. मी घरी आले तोवर तुझी जोडवी मला पुन्हा सैल झाली होती.

आता दुसरी खेप आहे. पहिल्याच तपासणीला मी डॉक्टरबाईंना विचारलं, परत होईल का? त्या म्हणाल्या, "होईलच असं नाही. बऱ्याच जणींना दुसऱ्या वेळी काही होत नाही. पण ज्यांना एकदा झालंय त्यांना इतरांपेक्षा धोका जास्त, आणि तुम्हाला तर फार लवकर झालं होतं. म्हणून आपण लक्ष ठेवायचं. आलं तरी या वेळी बहुधा उशिरा येईल, आणि आपण तयार असू." एक छोटी गोळी रोज घ्यायला सांगितली, घरी रक्तदाबाचं मशीन ठेवायला लावलं. मग विचारलं, "आईला होतं का?" मी सांगितलं, दुसऱ्या खेपेला त्यातच गेली. "आणि पहिल्या खेपेला?" मला माहीत नव्हतं. मी राधानगरीला आत्याला फोन केला. ती सहज म्हणाली, "तुझ्या वेळंला बी अशीच सुजली हुती की. डोस्कं धरून बसायची. तू झालीस आन् आठ दिसांत पाय उतरलं. मग कोण कशाला ध्यानात ठेवतंय?" मी फोन ठेवला. म्हणजे ते आधी एकदा येऊन गेलं होतं, माझ्या वेळी, आणि कुणीही ते लक्षात ठेवलं नव्हतं. मला सगळ्यांचा राग आला, तुझाही आला. मग खूप रडले. नंतर आत्याचाच परत फोन आला, माझा आवाज ऐकून म्हणाली, "रडू नगं. मुलगीच हुणार बघ, तुझी आई पोटाला यायली." मी मनात म्हटलं, ये, पण ते दुखणं बरोबर आणू नकोस.

पाचव्या महिन्यापासून दुपारी आमच्या स्वयंपाकघरात टकटक ऐकू यायला लागली. नवा फ्लॅट, गुळगुळीत टाइल्स, घरात कुणाच्याच पायात जोडवी नाहीत. नवरा म्हणाला, "फ्रीज वाजतोय गं, काय बी मनात आणू नगंस." मी फ्रीज बंद करून पाहिला. आवाज ओट्यापासून निघायचा आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबायचा. तिथं आमचं वॉशिंग मशीन आहे. बावड्याच्या घरात तिथं पिंप होतं. एकदा लेक चित्र काढत बसली होती. तिने मान वर केली, ओट्यापासून कोपऱ्यापर्यंत काहीतरी जाताना बघावं तशी नजर फिरवली, आणि परत रंगवायला लागली. मी तिला काही विचारलं नाही. खरं तर मला भीती वाटत नव्हती. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "सुजेवर जाऊ नका, निम्म्या बायकांचे पाय सुजतात. रक्तदाबाचं मशीन काय म्हणतं ते बघा. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं तर थेट या." मी सकाळ-संध्याकाळ मशीन लावत होते. पण तू कोपऱ्यापर्यंत चालत गेलीस की माझा दिवस बरा जायचा.

आज दुपारी तू चालली नाहीस. मी तांदूळ निवडत कान देऊन बसले. फ्रीज वाजत होता, खाली कुणी भाजी विकत होतं, बाकी काही नाही. लेकीने विचारलं, "आई, आज टकटक का न्हाई?" मी ताट बाजूला ठेवलं आणि संध्याकाळची वाट न बघता दंडाला पट्टा बांधला. आकडा चढलेला. थोडं थांबून पुन्हा लावला, अजून चढलेला. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "आत्ता निघा. घाबरू नका, नववा लागलाय, बाळ तयार आहे. वेळेत बघितलंत." नवरा लेकीला शेजारी सोडून गाडी काढायला गेला आहे. बॅग केव्हाची भरून ठेवलेली आहे. तेवढ्यात मी हे लिहिते आहे. पाठवायचं कुठे? तो गुलाबी कागद आता रिकामा आहे, त्यातच घडी करून ठेवीन.

रिकामा, कारण जोडवी माझ्या पायात आहेत. कपाट उघडलं आणि घातली. बसली. कोपऱ्यापर्यंत चालत गेले, आवाज नाही. आता ती निघत नाहीयेत. तेल लावलं, दोरा बांधला, निघत नाहीत. दवाखान्यात काढा म्हणाले तर मी कापा म्हणणार आहे. आत्या समोर उभी असली तरी कापा म्हणणार आहे. बाबांनी तुला दिलेली वस्तू आहे, म्हणून तुला आधी सांगते.

आणि एक आहे, हे नवऱ्याला सांगणार नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. ती बोटात घट्ट बसली तेव्हा भीती नंतर वाटली, आई. आधी मला आनंद झाला.