पाहुणीविना हिमनौका

९ जानेवारी, शुक्रवार

चाक दिलं! कप्तानाने चाक देऊन टाकलं!

आठ भाग तो माणूस बर्फ फोडत आला. दोन बोटं गेली, सख्खा भाऊ गेला, पण चाकावरचा हात सुटला नाही. आणि आज नवव्या भागात एक कालची पोरगी इंजिनच्या खोलीतून वर येते, तोंडाला ग्रीस फासलेलं, आणि हा म्हातारा तिला म्हणतो, "घे. तू चालव." बाजूला होतो! वर हसतो!

हिमनौका संपली माझ्यापुरती.

समोरची शेजारीच बसली होती. आमच्या व्हिडिओ स्टुडिओच्या बरोब्बर समोर चष्म्याचं दुकान आहे, तिथे ती नंबर तपासते, फ्रेमा बसवते. महिनाभर ठरवत होतो — पहिल्या दिवशीचा पहिला खेळ, दोघांनी. मी मनात ठरवलं होतं की बोटीचा भोंगा वाजला की तिचा हात धरायचा. भोंगा वाजला तेव्हा मी उभा राहून "काय चाललंय काय!" म्हणून ओरडत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "ए, बस खाली." खाली बसून तिच्याकडे पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. आनंदाचं!

जिन्यात भांडलो. मी म्हणालो, "तुला काय कळणार, तू पाचव्या भागापासून आलेली!" चांगलं मोठ्याने. लोक वळून बघायला लागले.

ती म्हणाली, "बरं." आणि समोर आली त्या बसमध्ये चढली. ती बस तिच्या घराकडे जातही नाही.

१० जानेवारी

हिमनौकावाल्यांचा ग्रुप फुटला. प्रोफेसरने वेगळा काढला — 'जुने खलाशी'. (टायर विकतो तो. पण बोलायला लागला की घंटा वाजेपर्यंत थांबत नाही, आणि घंटा कुठे वाजतेय! म्हणून प्रोफेसर.) नियम एकच : पहिल्या भागापासून असेल तोच आत. मी खरं तर तिसऱ्यापासूनचा. बाबांनी नेलं होतं, खांद्यावर बसवून. पण पहिले दोन मी नंतर घरी बघितलेत, ते धरून घेतलं त्याने.

त्या पोरीचं बारसंही प्रोफेसरनेच केलं. "बोटीवर आलेली पाहुणी आहे ती. चार दिवस राहील, जाईल." झालं. आता सगळे पाहुणीच म्हणतात.

११ जानेवारी

समोरचीने माझा मेसेज वाचला. उत्तर नाही. मीही परत पाठवणार नाही!

पाठवला.

१५ जानेवारी

शेवटी मीच गेलो रस्ता ओलांडून. दुकानात गिऱ्हाईक होतं, एक आजोबा, त्यांच्या नाकावर ती फ्रेम बसवत होती. मी म्हणालो, डोळे तपासायचेत. ती म्हणाली, "तुझे तपासून उपयोग नाही." आजोबा हसले!

त्यांना वाटेला लावल्यावर म्हणाली, "एक सांगू? आठव्या भागापर्यंत मी कप्तान झाले. मिशीसकट. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, जमतंय का म्हणून. तुला एकदा, एका भागापुरतं पाहुणी व्हायला काय झालं होतं?"

मी म्हणालो, "हा मुद्दाच नाहीये." आणि दार आपटून आलो. काचेचं दार. ते आपटत नाही, हळूहळू मिटतं. रस्ताभर मागे ते मिटतंच होतं.

१८ जानेवारी

आई म्हणते, जरा हसत जा. कुणाकडे बघून हसू? बाबा तर बोलतच नाहीत माझ्याशी. विभागप्रमुख भर वर्गात माझ्या प्रकल्पाला 'करमणूक' म्हणाले, मी फाइल त्यांच्या टेबलावर आपटली आणि कॉलेज सोडून घरी आलो — तेव्हापासून. सगळं आईमार्फत. "त्याला म्हणावं पंखा कमी कर." मी तिथेच, हातभर अंतरावर!

२४ जानेवारी

आज मजा आली. एक बाई आल्या, ठसठशीत, हातात धाकट्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ. दोन वर्षांपूर्वी आम्हीच केलेला.

"यातून थोरलीचा नवरा काढायचाय."

मालक पटकन म्हणाले, "होईल की! हा पोरगा फ्रेममधली माशी काढतो, जावई काय चीज आहे!"

"सगळीकडून हां. माझ्या घरातून गेला तो. आता पडद्यावर बसून जेवतोय कशाला?"

मी विचारलं, "फोटोंतूनही?" तर म्हणाल्या, "फोटो माझे मी कापलेत."

दिवसभर जावई काढला. एकटा असेल तिथे सोपं. घोळक्यात असला की फ्रेम मोठी करून कडेला ढकलायचा. एका ठिकाणी हलेचना, तिथे फुलदाणी वाढवून त्याच्यावर बसवली. संध्याकाळी बघितलं तर बेमालूम! जसा कधी आलाच नव्हता त्या घरात.

मग डोक्यात वीजच चमकली. जावई निघतो तर पाहुणी का नाही निघणार?

२५ जानेवारी

खलाशांना सांगून टाकलं. पाहुणीविना हिमनौका! मी करणार! नववा भाग घरी बघायला मिळू दे फक्त. प्रोफेसरने बाण, नांगर आणि बोटींची इतकी चित्रं पाठवली की फोन गरम झाला. आता मागे फिरणे नाही.

समोरचीला कुणीतरी सांगेलच. सांगू दे!

७ मार्च

नववा आला घरी. आजपासून सुरू. दुपारी मालक जेवून खुर्चीतच घोरतात, तेवढी वेळ माझी. पहिल्याच दिवशी पाहुणीची एंट्री उडवली. बोटीवर तिचं पाऊलच पडलं नाही. काय गार वाटलं!

१४ मार्च

पाहुणी निघता निघत नाही.

जावई बरा, त्याच्याकडे लग्नात कुणी बघतच नव्हतं. हिच्याकडे सगळे बघतात. ती काढली तरी नजरा राहतात. स्वयंपाकी कोपऱ्याकडे बघून डोळा मारतो, कोपरा रिकामा. मग त्याचंही डोकं उडवायचं. संवाद जोडायला आठव्या भागातून कप्तानाची पाठ आणली, तर तिथे त्याचा कोट निळा!

आणि एकेक फ्रेम पुढेमागे करताना नको ते दिसतं. ही बया खोटं बोलायच्या आधी मनगटाने नाक पुसते. इंजिन बंद पडतं तेव्हा त्याला हळूच थोपटते, जनावराला थोपटावं तसं. थिएटरमध्ये मी ओरडण्यात दंग, हे बघितलंच नव्हतं.

कापलं. थोपटणंही कापलं. पण दोनदा परत लावून बघितलं आधी.

१८ मार्च

संपलं! आणि आज घरात आक्रीत घडलं.

जेवणाआधी टीव्हीवर लावून बघत होतो, सांधे दिसतात का म्हणून. बाबा पेपर उघडून बसले होते. हळूहळू पेपर खाली आला. नववा त्यांनी बघितलेला नाही, माझ्यामुळेच बहुतेक. शेवट आला. कप्तान चाकापाशी उभा, आणि त्याचं ते हसू. ते मला काढता येईना, मागे बोट वळत असते, तिथे कापलं की सांधा दिसतो.

बाबा म्हणाले, "हा कुणाकडे बघून हसतोय?"

आईला नाही. मला!

मी म्हणालो, "कुणाकडेच नाही."

"मग वेडबिड लागलंय का त्याला? मागच्या भागापर्यंत तर धड होता."

आई हातात पळी घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं भांडण सुरू झालं. बाबांनी परत पेपर वर केला. पण बोलले!

माझं मात्र सगळं बिनसलं. खरंच वेडा दिसतो तो. आठ भाग ज्याच्यासाठी जीव टाकला तो माणूस माझ्या हिमनौकेत रिकाम्या हवेशी दात काढतोय. हे मीच केलं.

१९ मार्च

प्रोफेसर : "कुठवर आलं?" मी : "बाकी आहे थोडं." प्रोफेसर : "खलाशी वाट बघतायत." खलाशांना म्हणावं बसा. नाही पाठवणार. पुसूनच टाकतो. उद्या.

२१ मार्च, शनिवार

चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीचा एक माणूस आहे. इस्त्रीचा शर्ट, मोटारसायकल. समोरची आज त्याच्या मागे बसून गेली. भर दुपारी, दुकान उघडं टाकून, ओढणी नीट खोचून घेत. वळणावर हसत होती.

पाठवून दिलं. अख्खं! घ्या, नाचा!

२३ मार्च

नाचतायत. कुठून कुठून लोक लिहितायत, ज्यांना मी ओळखत नाही. "हाच खरा नववा." "सरकारने याचा सत्कार करावा." एका सिनेमाच्या बातम्यांवाल्यानेही छापलं : चाहत्याने नको असलेलं पात्र वगळून नवी आवृत्ती केली, तुफान प्रतिसाद. मालक ते मोठ्याने वाचून गिऱ्हाइकांना दाखवतात. मग मला आत बोलावून विचारलं, "माझी मशीन वापरलीस काय रे?"

कुणीही, एकानेही विचारलं नाही, कप्तान कुणाकडे बघून हसतो.

२८ मार्च

ती आली. दुकानात! मालक नेमके बँकेत.

"बघितलं मी तुझं," म्हणाली.

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागलो.

"सफाई चांगली आहे. सांधा कुठे दिसत नाही. कोटाचा रंगही जुळवलास."

"शिव्या दे ना सरळ."

"कशाला? तू तुझ्या कॉपीला कात्री लावलीस. खरी तिथेच आहे, चाक हातात धरून. तिला काय फरक पडतो?" मग माझ्याच खुर्चीवर बसून गोल फिरली. "मला राग वेगळाच आहे. पाचव्यापासून आलेली! अरे, पाचवा आला तेव्हा आमच्या घरी टीव्ही आला. त्याला मी काय करू?"

मी सॉरी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा, मध्ये 'पण' न घालता.

आणि मग न राहवून विचारलंच, तो मोटारसायकलवाला कोण? ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. "काचांचं खोकं स्टँडवर अडकलं होतं, सोडवायला गेलो. त्याला हिमनौका म्हणजे फ्रीजची कंपनी वाटते!"

जाताना म्हणाली, "कात्री, एकदा नीट बघ तिला. न कापता."

कात्री! मला म्हणाली!

५ एप्रिल, रविवार

ती घरी आली. नववा बघायला, अख्खा, सगळ्यांनी मिळून. आईने सतरंजी बदलली, उशांचे अभ्रे बदलले, बाबांनाही शर्ट बदलायला लावला.

बाबांनी तिला विचारलं, "तू कितव्यापासून?"

"पाचव्यापासून, काका." माझ्याकडे बघत!

"पाचवाच चांगला," बाबा म्हणाले. मी जमिनीत गेलो.

मी खरंच पाहुणी व्हायचा प्रयत्न केला. सुरुवातीला लाज वाटली, मग विसरलो. इंजिन बंद पडलं तेव्हा माझाच हात गुडघ्यावर थोपटायला लागला. आणि म्हाताऱ्याने "घे, तू चालव" म्हटलं तेव्हा — इतकी वर्षं कुणीतरी आपल्याला असं म्हणावं म्हणून... जाऊ दे.

बाबा म्हणाले, "असं होय! हिच्याकडे बघून हसत होता होय!" मग माझ्याकडे न बघता, "चांगलं कापतोस तू. पण हे नको होतं कापायला."

बसस्टॉपवर ती म्हणाली, "दहाव्याला पहिला खेळ. पाहुणी एकटीने बोट नेणार आता. तिकिटं मी काढणार, आणि तू ओरडायचं नाहीस." मी म्हणालो, ओरडलो तर तोंडावर हात ठेव. ती लाल झाली. बस आली. बरोबर बस.

९ एप्रिल

जावईवाल्या बाई परत आल्या. मान खाली.

"त्यांचं मिटलं. जावई परत आलेत. घालता येतील का परत?"

मूळ व्हिडिओ होताच, दोन मिनिटांचं काम. मालकांनी तरी तोंड गंभीर केलं, "काढण्यापेक्षा घालणं अवघड असतं, ताई." बाई गेल्यावर दोघे पोट धरून हसलो.

खलाशांचा ग्रुप सोडला आज. प्रोफेसरने विचारलं, का? मी लिहिलं, मी तिसऱ्यापासूनचा आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

दहाव्या भागाची घोषणा झाली. पाहुणी नाही. चाक परत कप्तानाकडे. सिनेमाच्या कंपनीने लिहिलंय, आम्ही जुन्या चाहत्यांचा आवाज ऐकला — आणि त्यात माझ्या आवृत्तीचं नाव.

प्रोफेसरचा फोन. आनंदाने रडत होता. "काढलीस रे! खरोखरची काढलीस!"

समोरचं दुकान उघडं आहे. मी शटर अर्ध्यावर ओढून आत बसलोय. तिने सकाळपासून मान वर केलेली नाही.