आईचे हट्टी जंतू

प्रिय मावशी,

आधी एक दुरुस्ती. आईची उन्हाळी बरी झाली असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते चुकलं. लघवीची जळजळ अजून आहेच, तिने सांगायचं तेवढं बंद केलं. बाबांसमोर विषय नको म्हणून आता ती "पाय मोकळे करून येते" म्हणते आणि बाथरूममध्ये जाते. खरोखर इतके पाय मोकळे केले असते तर एव्हाना चालत तुझ्या घरी पोचली असती.

तो बिस्किटांचा डबा तुला माहीतच आहे. बाबांच्या दाढेच्या, दादाच्या घशाच्या, शेजारच्या काकूंच्या कशाच्या ते काकूंनाही आठवत नाही, अशा सगळ्या उरलेल्या गोळ्या त्यात. आई रंग बघून निवडते आणि जरा बरं वाटलं की थांबते. म्हणे दुसऱ्या कुणाला लागतील. मी सांगितलं, अगं, अर्धवट औषधाने चिवट जंतू तेवढे उरतात आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते. तर म्हणाली, "शिकलीस ते बरं झालं, पण आईला शिकवू नकोस." घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून फॉर्म भरायला मी हवी, जंतूंचं मात्र तिलाच जास्त कळतं!

शेवटी लघवीचा नमुना मीच आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेला. तिथे काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध लावून बघतात. आईचे जंतू एकाही गोळीला दाद देईनात. आमच्या मॅडम बशीवर वाकून म्हणाल्या, "कुणाचे गं हे? काय माजलेत!" मी मान खाली घालून म्हटलं, "घरचेच आहेत."

ते मरतात फक्त एका इंजेक्शनने, तेही दवाखान्यात राहून शिरेतून घ्यायचं. कालपासून आईला थंडी वाजून ताप येतोय, कंबर धरलीय. रिपोर्ट घेऊन मी डॉक्टरांकडे गेले, ते म्हणाले, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय, आता वेळ काढू नका. आई म्हणते, "परक्या पुरुषाला हे सगळं सांगायचं? त्यापेक्षा डब्यात अजून एक लाल आहे."

फोन तिच्या उशाशी असतो, म्हणून ही चिठ्ठी दादाबरोबर पाठवतेय. मावशी, मला खूप भीती वाटते. ती डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. पण थोरल्या बहिणीपुढे तिची बोबडी वळते. तू दादाच्या गाडीत बसूनच ये. आणि कृपा करून तुझ्याकडच्या उरलेल्या गोळ्या तिच्यासाठी आणू नकोस. दवाखान्यात खाट मिळाली आहे. ती हो म्हणो की नाही, मी तिला दाखल करणार आहे, उद्या, बुधवारी सकाळी.

तुझीच,
शंकासुर